आखूड पावलाची गाडी

बुवा गाडी चालू करून लगेच निघत नसत. आधी खाली उतरत, बोनेटवर डावा कान टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. बघणारा नवखा असला तर त्याला वाटे, ह्यांना चक्कर आली. एकदा एस.टी.तून उतरलेल्या एका बाईने धावत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं. बुवांनी ते पिऊन टाकलं आणि तांब्या परत देत म्हणाले, "बरं केलं. आता हिला पण दे थोडं."

ही म्हणजे त्यांची डिझेलची पिकअप. पांढरी होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा मातीच्या रंगाची झाली होती.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण भजनात पेटी वाजवायचे म्हणून सगळा गाव बुवा म्हणे. मालक म्हटलेलं त्यांना चालत नसे. मी त्यांच्या गिरणीवर कामाला लागले त्या दिवशी मी खालमानेने "मालक" म्हणाले, तर ते मागे वळून बघायला लागले. "कोन आला गो? मना नाय दिसत." त्यानंतर मी त्यांना कसलीच हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहायची. ते म्हणायचे, "चाळण फाटली?" मी मान हलवायची. "पट्टा सरकला?" मी मान हलवायची. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला त्यांना बरोबर सापडायचं.

गिरणी फिरती होती. दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर भात भरडायचं यंत्र आणि त्याचं छोटं इंजिन, आणि ते सगळं ओढायला पुढे पिकअप. मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथून निघून बुवा आजूबाजूच्या गावांत, पार डोळखांबपर्यंत गिरणी न्यायचे. मी यंत्राच्या तोंडाशी बसून भात सोडायची. तांदूळ पुढे पडायचा, कोंडा मागे. दुसरे गिरणीवाले कोंडा ठेवून घेतात. बुवा म्हणायचे, "कोंडा तिच्या कोंबड्यांचा. मी काय कोंबडी हाय?"

गाडीच्या केबिनमध्ये बाजूच्या सीटवर पेटी असायची. माणसाला बसायला जागा नाही, पण पेटीला गादी. बुवांचं म्हणणं असं, की प्रत्येक इंजिनाचा एक सूर असतो. त्या सुरात ते असलं की मनापासून ओढतं. त्याच्या खाली गेलं की रडतं, वर गेलं की भांडतं. आपल्या इंजिनाचा सूर त्यांनी पेटीवर शोधून काढला होता. डावीकडची एक काळी पट्टी. तिच्यावर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, करंड्यातलं कुंकू लावून ठेवलं होतं. गाडीत वेगाचे काटे होते, पण बुवा त्यांच्याकडे बघत नसत. गिअर बदलायचा तो कानाने.

काकी म्हणायच्या, "चाळीस वर्सं झाली संसाराला. येवढा कान माझ्या बोलन्याकडं लावला असता तर आज सोन्यानं मढलो असतो."

बुवा म्हणायचे, "तू कदी सुरात बोललीस?"

"आनि ती बोलते?"

"ती रडते तवा कळतं तरी का रडते."

काकी तोंडाने फटकळ होत्या, पण घर त्यांच्या हिशोबाने चालायचं. घराचं पोट भरायचं ते गिरणीवर नव्हे. पिकअप पहाटे गावातल्या लोकांची भेंडी आणि काकडी भरून कल्याणच्या बाजाराला जायची, त्यावर. दुपारी परत आली की ट्रॉली जोडून गिरणीला. काकी ते एका वाक्यात सांगायच्या : "पोट कल्यान भरतं, गिरनी हौस भरते."

माझं माहेर डोळखांबच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर. आई तिथे एकटी राहते. पाड्यावर जायला खडीचा रस्ता आहे, पण त्याला एक वळण असं आहे की तिथे रस्ता उभा राहिल्यासारखा वाटतो. वळणावर उंबर आहे. रिकामी जीप कशीबशी चढते. गिरणी लावलेली गाडी तिथे कधी चढली नव्हती. म्हणून बुवा गिरणी चढाच्या पायथ्याशी लावायचे आणि पाड्यावरच्या बाया भात डोक्यावर घेऊन खाली यायच्या. भरडून झालं की तांदूळ आणि कोंडा घेऊन पुन्हा वर. पावसाळ्यात तो रस्ता वाहून जातो, कोणी खाली येत नाही. तेव्हा चार महिन्यांची बेगमी आधीच, उन्हाळ्यात करून ठेवावी लागते. किती खेपा होतात ते ज्याचं त्याला माहीत.

हे सगळं घडलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आई उंबराच्या वळणावर घसरली. गुडघ्यावर पडली आणि भात खडीत सांडला. तिने कोणाला हाक मारली नाही. खडीत बसून एकेक दाणा वेचत राहिली. पुढच्या वर्षी बेगमीचे दिवस आले तेव्हा तिने निरोप धाडला, "मी खाली येनार नाय. घरात उखळ हाय. कांडीन."

मी हे कोणाला बोलले नव्हते. पण गिरणीवर आलेल्या बायांत बोलणं झालं. एक म्हणाली, "म्हातारी येवढं भात कांडनार? मूसळ उचलंल का तिला?" दुसरी म्हणाली, "मूसळच म्हातारीला उचलंल." सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही. बुवांनी पट्टा सोडला आणि गिरणी बंद केली. भरडण चालू असताना गिरणी बंद केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"कोनाची म्हातारी?"

बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुजी आय?" बुवांनी विचारलं. मी मान हलवली.

त्याच दुपारी त्यांनी ट्रॉली जोडून गाडी चढाला घातली. पेटी माझ्या मांडीवर दिली. एका हाताने भाता हलवायचा, दुसऱ्या हाताचं बोट कुंकवाच्या पट्टीवर. "बोट उचलू नको. मना आयकायचंय ती कुठं सुटते." मी आयुष्यात पेटी वाजवली ती तेवढीच. पहिल्या चढाला गाडी आणि पेटी एका सुरात होत्या. मग गाडीचा सूर हळूहळू खाली खाली जायला लागला. पेटी तिथेच राहिली. उंबराखाली गाडी घरघरली, थरथरली आणि बंद पडली. बायांनी चाकांमागे दगड लावले. माझं बोट पट्टीवर तसंच होतं. बुवा म्हणाले, "पुरे गो आता. मयताला पेटी नाय वाजवत."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडला मिस्त्रीकडे गेलो. मला चाळण आणायची होती म्हणून मी गाडीत मागे होते. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीखाली सरकला. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो त्यावर पान्याने ठोकलं.

"इंजिनाचं काय नाय बुवा. दुखनं इथं हाय. ह्याच्या आत दोन दातेरी चक्रांची जोडी असते, पिनियन लहान, क्राउन मोठं. तुमची जोडी पळायची हाय. हायवेला मस्त. पन मागं ट्रॉली लावून उभ्या चढाला मरनार."

"मग चढायची जोडी घाल."

"घालतो की. पिनियनला दात कमी केले की चाक एकदा फिरायला इंजिन जास्त फिरतं. ताकद वाढली. पन पळ गेला. मग कल्यानला टाइमावर पोचलो नाय म्हनून माझ्या नावानं बोंबलायचं नाय."

"ताकद बी पायजे, पळ बी पायजे."

"मग दोन गाड्या घ्या."

मिस्त्रीकडे जुन्या गाड्यांतून काढलेल्या दोन जोड्या होत्या. एक एकदम चढाची, एक मधली. तो म्हणाला, "मधली घ्या. थोडं हे, थोडं ते. संसारी मानसानं मधली घ्यावी." बुवांनी दोन्ही जोड्या गोणपाटात बांधल्या आणि ठरवायला घरी घेऊन आले.

मग आठवडाभर त्या ओटीवर पडून होत्या. बुवा भेंडी उतरवून आले की गोणपाटावर बसायचे आणि दातांत दात घालून हाताने फिरवत राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला फिरवायला लावायचे. दूधवाल्याला, पोस्टमनला. "बघ, ह्याला किती वळं घ्यावी लागतात आनि त्याला किती." काकी ओटी सारवायला आल्या की बुवांच्या भोवतीने सारवायच्या. एकदा म्हणाल्या, "देव्हाऱ्यात नेऊन ठेवा. रोज दोन फुलं मी घालीन."

"मधली काय वाईट हाय?" त्यांनी मग सरळ विचारलं.

"मधली घेतली तर कल्यानला उशीर आनि उंबराखाली बंद. दोन्हीकडं लाज."

"मग हाय तीच बरी हाय. तिनं आजवर पोसलं."

काकींचं खोटं नव्हतं, हे बुवांनाही कळत होतं.

त्या आठवड्यात एकदा गिरणी पायथ्याशी लावून ते चढाला चालत निघाले. बाया तांदूळ घेऊन वर चालल्या होत्या, त्यांच्या मागोमाग, हात पाठीमागे बांधून, बायांच्या पायांकडे बघत. बायांना अवघडल्यासारखं झालं. एक म्हातारी थांबून म्हणाली, "बुवा, काय हरवलं का तुमचं?"

"तुमी चाला गो. माज्याकडं नका बघू."

"तुमीच बघताय आमच्याकडं!"

खाली आले तेव्हा घामाने भिजले होते. मला म्हणाले, "भार डोक्यावर आला की बाईचं पाऊल आखूड होतं. सपाटीला ढांगा टाकते, चढाला आखूड आखूड. पन थांबत नाय. गाडीचं बी तसंच हाय. आपली गाडी भार घेऊन ढांगा टाकाया बघते." मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाले, "आखूड घालू."

मिस्त्रीने चढाची जोडी बसवली. येताना बुवांनी मुरबाडच्या बाजारातून परतणाऱ्या सात-आठ बाया माझ्याबरोबर मागे भरल्या, ट्रॉली जोडलेलीच होती, आणि गावाअलीकडच्या चढाला गाडी घातली. इंजिन एकदाही रडलं नाही. बुवा इतके खूश झाले की चढ संपल्यावर गाडी वळवून पुन्हा खाली आणली आणि पुन्हा चढवली. बाजारच्या बाया ओरडत होत्या, "बुवा, घरी सोडा, पोरं उपाशी हायत!"

पण कल्याणला जायचं होतं. नव्या जोडीने सपाटीवर जरा पळायला लागली की इंजिन कुंकवाच्या पट्टीच्या वर जायचं. म्हणजे भांडायचं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, भांडू दे. बुवांनी भांडू दिलं नाही. सगळा रस्ता सुरात गेले. ट्रक गेले, रिक्षा गेल्या, एक स्कूटरवाला बाजूने जाताना डोकावून विचारून गेला, "काका, तब्येत बरी हाय ना?" पोचले तेव्हा बाजार उठला होता. भेंडी परत आली. दोन दिवस गावात घरोघर भेंडी शिजली. पोरं भेंडी बघून जेवायला बसेनात.

काकी त्या दिवशी ओरडल्या नाहीत. संध्याकाळी मी चाळण धुवून ठेवत होते तेव्हा त्या बुवांना म्हणाल्या, "जुनी जोडी परत घालायची. मी काय मागितलं तुमच्याकडं आजवर?"

बुवांनी पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "एकदा पाड्यावर नेतो. गिरनी उंबराच्या वर गेली तर ऱ्हाऊ दे. नाय गेली तर परवा मिस्त्रीकडं. जुनी घालतो आनि परत ह्या ओटीवर गोळ्याचं नाव काढत नाय."

काकी म्हणाल्या, "चालंल." आणि जाताना माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पण मला वाटलं, मी तिथे नसते तर बरं झालं असतं.

पाड्यावर आम्ही पहाटेच निघालो. पायथ्याला पाड्यावरच्या बाया आम्हाला घ्यायला आल्या होत्या. त्या आणि मी, सगळ्या गाडीत मागे उभ्या राहिलो. चढ सुरू झाला तशी एकीने छतावर थाप मारली. गाडी थांबली. सगळ्या उतरल्या, मीही उतरले. आमच्याकडची रीतच आहे ती. चढ आला की उतरायचं. पुढे बैल असो नाहीतर इंजिन, ओढणाऱ्याचा भार कमी करायचा. चढाला जो बसून राहतो त्याला माणसं नावं ठेवतात. आम्ही गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत निघालो. दोघी-तिघी मागून ट्रॉलीला हात लावत होत्या.

गाडी सुरात चढत होती. आखूड आखूड, न थांबता. वर उंबराच्या पलीकडे आई उभी असलेली मला दिसली. ती कपाळावर हात धरून बघत होती.

वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खडी उडाली, एका बाईच्या नडगीला लागली. इंजिन पूर्ण ताकदीने सुरात, आणि गाडी तिथेच. बुवांनी पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. धूळ, खडीचा आवाज, रबराचा वास. बुवा उतरले. बोनेटला कान लावला. चेहरा अगदी गोंधळून गेलेला.

"रडत नाय," ते म्हणाले. "मग चढत का नाय?"

बायांनी जोर लावला. बुवांनी आणखी दोनदा गाडी घेऊन पाहिली. मग चाकांमागे दगड लावले, इंजिन बंद केलं आणि उंबराच्या मुळीवर जाऊन बसले. मी त्यांना असं कधी बसलेलं बघितलं नव्हतं. कानाने सांगितलं होतं की सगळं बरोबर आहे. त्याच्या पलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं.

"सोडा बुवा," एक बाई म्हणाली. "आमी आनतो भात खाली. आमाला काय नवीन हाय?"

बुवा मान खाली घालून म्हणाले, "ट्रॉली सोडू. उद्या जुनी जोडी."

मी मागच्या चाकांकडे बघत होते. परवा बाजाराच्या चढाला हीच गाडी, हीच ट्रॉली. तेव्हा आम्ही सगळ्या आत होतो, कारण बाजारच्या बायांजवळ जड पिशव्या होत्या आणि कोणी उतरायचं नाव काढलं नव्हतं. आज आत कोणीच नाही. मला बोलता येईना. माणसं जास्त होती. मी चाकावर पाय ठेवला, आत चढले आणि मागच्या फळीला टेकून खाली बसले.

बाया बघत राहिल्या. "काय गो," एक म्हणाली, "पाय दुखलं का राणीसायबांचं?"

बुवांनी वर बघितलं. मी मान खाली घालून म्हणाले, "परवा आमी बसलेलो."

बुवा उठले. गाडीपाशी आले, चाकाखालची खडी हातात घेतली, टाकून दिली. मग एकदम ओरडले, "चढा! चढा गो सगळ्या!"

कोणी चढेना. चढाला, बंद पडलेल्या गाडीत, बसायचं? "अवो, गाडी दमली हाय आनि आमी बसायचं?" एक म्हातारी म्हणाली. "शोभतं का?"

"आजी, पाया पडतो. तू बसलीस तरच चाक भुईला धरतं. जाडजूड असंल ती मागं चाकाच्या वर!"

"जाडजूड कोन?" यावरून तिथेच भांडण लागलं असतं. पण हसत हसत एकेक चढली. वरून आई लंगडत खाली आली होती. ती फळीशी उभी राहून म्हणाली, "माजं काय वजन व्हनार बुवा? हाडं नुसती."

बुवांनी तिला हात दिला. "हाडंच पायजेत. मांस सरकतं."

दगड काढले. बुवांनी गाडी घेतली. चाकं एकदा घसरली, मग खडीत रुतल्यासारखी बसली, आणि गाडी हलली. आम्ही सगळ्या एकमेकींना धरून होतो. उंबराच्या फांद्या डोक्यावरून गेल्या. वर सपाटी लागली तेव्हा कोणीतरी एकदम ओरडलं, आणि मग सगळ्याच.

ती जोडी पुढे गाडीत तशीच राहिली. भेंडीवाले दुसऱ्या गाडीला गेले. काकींनी दिलेल्या शब्दावरून माघार घेतली नाही, पण त्या वर्षी त्यांच्या घरात कशाची ना कशाची चणचण होती ते मला दिसत होतं. त्या म्हणायच्या, "कल्यानची लक्ष्मी गेली, डोळखांबची धूळ आली." नंतर बुवा आजूबाजूच्या पाड्यांवरही जाऊ लागले तेव्हा घर पुन्हा सावरलं, पहिल्यासारखं नाही, पण सावरलं. आणि बुवांची एक नवी खोड झाली. प्रत्येक चढाच्या पायथ्याशी थांबायचे आणि चालणाऱ्या माणसांना हात जोडायचे. "बसा हो. तुमच्यावाचून नाय चढत ही." भाडं कोणी दिलं तर रागवायचे. म्हणायचे, उपकार ह्याचे गाडीवर आणि पैसे पण ह्याचेच? जरा अंगाने भरलेला माणूस दिसला की त्यांना फार आनंद व्हायचा. लोक हसायचे आणि बसायचे. आता बुवा थकले आहेत. गाडी चालवत नाहीत.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

गिरणी आईच्या अंगणात लावली. घर आणि यंत्र यांच्यामध्ये ओटा तेवढा. मी पट्टा चढवला, बुवांनी छोटं इंजिन सुरू केलं. आई आत गेली. बराच वेळ आली नाही. मग बाहेर आली ती डोक्यावर चुंबळ ठेवून, तिच्यावर भाताचं गाठोडं, एक हात वर धरलेला, पदर कमरेला खोचलेला. अगदी लांब जायच्या तयारीने. ओटा उतरली आणि यंत्रापाशी पोचली. गाठोडं मी घेतलं. तिचा हात तसाच वर राहिला.

भात भरडून होईपर्यंत ती तिथेच उभी होती. तांदूळ पुढे पडत होता. मग तिने उन्हाकडे बघितलं. सकाळचं ऊन अजून ओट्यावरसुद्धा आलं नव्हतं.

"झालं?" तिने बुवांना विचारलं.

"झालं."

"मग आता दिवसभर करू काय?"

बुवांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आणि मग मला पहिल्यांदाच, विचारल्यासारखं, म्हणाले, "काय सांगू गो हिला?"

मी म्हणाले, "आई, बस."

ती ओट्यावर बसली.